लिंबाविना तोडगा

पुण्यातल्या ज्या ऑफिसात मी जाहिराती लिहायचे, तिथं हिंदीतल्या ओळी उचलून मराठीत टाकायची पद्धत होती. 'आजच मिळवा कर्जापासून आझादी' असलं काहीतरी. मी म्हणायचे, साहेब, आमच्याकडं असं कोणी बोलत नाही. साहेब म्हणायचे, पौर्णिमा, लोक बटण दाबतायत ना? मग झालं तर. मला राग लवकर येतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, ऑफिसात ते जरा उशिरा कळलं. एका सकाळी मी 'आझादी' शब्द खोडून साहेबांच्या टेबलावर कागद आपटला, कॉट बेसिसच्या खोलीतलं सामान आवरलं आणि बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडला घरी आले.

माझे वडील बन्सी, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. वीज मंडळात लाईनमन होते, आता निवृत्त आहेत. मला बघून त्यांना आनंद झाला, पण तो त्यांनी दाखवला नाही. चहा संपल्यावर मुद्द्यावर आले.

"आलीस ते बरं केलंस. आता करणार काय?"

"तेच काम, पण माझं स्वतःचं," मी म्हणाले. "आप्पा, कर्जात अडकलेल्या माणसाला बँकेशी, ॲपवाल्यांशी बोलून सोडवणाऱ्या कंपन्या असत्यात. त्यांना माणसं सापडत न्हाईत आन् माणसांना कंपन्या सापडत न्हाईत. मी जाहिरात करायची. ज्याला मदत पायजे तो आपला नंबर देतो, तो मी कंपनीला पोचवायचा. त्या नंबराला लीड म्हणत्यात. नंबर खरा निघाला की कंपनी मला ठरलेले पैसे देती. कोणती कंपनी काय देती ती तिची ऑफर."

"म्हंजी अडत."

"अडतच."

"माजलगावच्या अडत्याला निदान कापूस हातात घेऊन बगता येतो," आप्पा म्हणाले. "तुला काय बगता येतं?"

याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं, म्हणून मी चिडले. आप्पांना माझ्या चिडण्याची सवय आहे. त्यांनी शांतपणे सांगितलं की धम्मचक्र दिनापर्यंत बघ, तोवर जमलं नाही तर पुण्याला फोन लाव. साहेबही उदार. त्यांनी निरोप धाडला होता की दसऱ्यापर्यंत जागा भरत नाही, राग गेला की ये. दसरा आणि धम्मचक्र दिन एकच, त्यामुळं माझी मुदत दोन्हीकडून पक्की झाली. मला परत जायचं नव्हतं. तिथं पाच जणींच्या खोलीत माझी म्हणून एक खुंटी होती. इथं माझी खोली, माझी आई, माझी भाषा होती आणि त्या भाषेतच मला काम करायचं होतं.

ऑफरांचा बाजार इंटरनेटवर भरतो. कंपन्या आपापला दर लावून ओळीनं बसलेल्या असतात. बहुतेक जण सर्वात वरचा दर बघतात आणि तीच ऑफर उचलतात. माझी रीत वेगळी होती. मी गिऱ्हाईक बनून प्रत्येक कंपनीला फोन लावायचा, आणि अस्सल दिंद्रुडच्या बोलीत आपलं दुःख सांगायचं ठरवलं. आप्पांच्या प्रश्नावर मला सुचलेलं उत्तर ते एवढंच होतं. कापूस नाही तर निदान व्यापारी तरी हातात घेऊन बघावा.

नाव मी आईचं घेतलं, सरूबाई. आई शेजारी शेंगा सोलत बसलेली.

"माज्या नावानं कर्ज कावून काढायलीस?" ती कुजबुजली.

पहिल्या कंपनीतली मुलगी हिंदीखेरीज काही ऐकेना, आणि माझं दुःख अर्ध्यात तोडून नोंदणीची फी मागायला लागली. दुसरी कंपनी म्हणजे सगळ्यात वरच्या दराची. तिथला माणूस मात्र मराठी, गोड गळ्याचा. म्हणाला, "ताई, हप्ते भरणं बंद करा. ते पैसे आमच्याकडं भरा. बँक थकली की आपोआप खाली येते."

"आन् तवर वसुलीवाल्यांचे फोन आले तर?"

"फोन बंद ठेवायचा, ताई. सिंपल."

आईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "मेल्या, फोन बंद ठिवून माणूस जगतंय व्हय? तुजी आई तुला फोन करीत न्हाई का?" तिकडून फोन कट झाला. आईनं पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या, पण बराच वेळ ती पुटपुटत होती.

असे बरेच फोन झाले. एकेका कंपनीवर मी फुली मारत गेले आणि दर खालीखाली येत गेला. अगदी तळाशी संभाजीनगरची एक छोटी संस्था होती. फोन धनश्री नावाच्या बाईंनी स्वतःच उचलला. माझी सगळी कहाणी त्यांनी मधे न बोलता ऐकली, आणि विचारलं, "सरूबाई, पगार सुरू आहे ना? मग आम्हाला फी देऊ नका. आधी हप्ता लांबवून मागा, मिळू शकतो. कसं मागायचं ते मी सांगते. नाही जमलं तर पुन्हा फोन करा."

मी खरं काय ते सांगून टाकलं. त्या आधी रागावल्या, मग हसल्या. त्यांच्या अटी दोनच होत्या. कर्जदारानं स्वतः हो म्हटलेलं असलं पाहिजे, बायकोनं नाही, भावानं नाही, आईनंही नाही. आणि पहिल्या खेपेत निम्मी तरी माणसं खरी निघाली पाहिजेत, नाही तर खातं बंद. दर सगळ्यात कमी. मी हो म्हणाले.

आता जाहिरात. हा माझा खरा प्रांत, इथं मी कोणाचं ऐकणार नव्हते. 'मुक्ती' नको, ती माणूस गेल्यावर मिळते. 'तडजोड' म्हटलं की कोर्टाची पायरी दिसते. 'सुटका' म्हटलं की जेल. दोन दिवस डोकं खाजवल्यावर शब्द सापडला, तोही आप्पांच्या पेपरात. पाणीप्रश्नावर तोडगा. संपावर तोडगा. बसून, बोलून, दोन्हीकडच्यांनी मिटवलेलं म्हणजे तोडगा. काय अस्सल शब्द! मी लिहिलं, 'कर्जाचा त्रास? यावर तोडगा आहे.' खाली चित्र हवं होतं, तर गाठ सुटलेला एक काळा दोरा टाकला. खाली फोन नंबर, गावाचं नाव, बसस्टँडमागं, आणि जाहिरात लोकांच्या मोबाईलवर सोडली. आपल्याच हुशारीवर खूश होऊन मी त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

ज्याला कळायचं त्याला इथंच कळलं असेल. मला नाही कळलं. आमच्या घरात लिंबू फक्त वरणात पिळतात.

पहिला फोन एका बाईंचा होता. "ताई, तोडग्याला अमुशाला यायचं का पुनवेला?"

"मी पौर्णिमाच बोलतेय," मी म्हणाले.

"बरं बरं, म्हंजी पुनवेला," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसरीला विचारायचं होतं, नारळ सोललेला आणायचा का शेंडीचा. तिसरीनं विचारलं, आधी देवऋषाला भरलेले पैसे यातून वळते होतील का. फोन लई येत होते, सगळे बायकांचे. जाहिरात लिहिताना माझ्या डोळ्यासमोर तरणी पोरं होती, पगारदार, कार्डात आणि ॲपात अडकलेली. त्यांच्यातला एकही फिरकला नाही. काही बायांनी आपलेच नंबर भरून दिले होते, ते मी विश्वासानं संभाजीनगरला पाठवले.

मग एका सकाळी आप्पा दार उघडून बाहेर गेले आणि तसेच परत आले. उंबऱ्यावर हळदकुंकू लावलेलं लिंबू होतं. कोणीतरी पत्ता शोधत येऊन, माझी गाठ पडली नाही म्हणून, ठेवून गेलेलं.

आप्पा ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. "माज्या बापानं छप्पन साली गळ्यातला गंडा तोडून टाकला," ते म्हणाले. "गावानं हसून घेतलं, वाळीत टाकू मनले, पर त्यानं परत बांधला न्हाई. आन् त्याच्या नातीनं त्याच्याच उंबऱ्यावर हे दुकान मांडलं."

"आप्पा, तोडगा म्हंजी तसलं न्हाई, पेपरात..."

"पेपर मी वाचतो. तुजं गिऱ्हाईक वाचतं का?"

ते ओट्यावर जाऊन बसले आणि माझ्याशी बोलायचं सोडलं. त्याच दुपारी धनश्रीबाईंचा फोन. "पौर्णिमा, तुम्ही पाठवलेल्या बाईंनी माझ्या माणसाला विचारलं, अंगारा पोस्टानं येतो का म्हणून. हसू येतंय मला, पण हे असं नाही चालणार. दसऱ्यापर्यंत खरी माणसं आणा, नाही तर मी खातं बंद करते. मला दुसरा इलाज नाही."

मी जाहिरात बंद केली. दुसरा शब्द शोधायला बसले, तो येईना. ज्या भाषेच्या जोरावर मी साहेबांच्या टेबलावर कागद आपटला, तिनंच मला तोंडावर पाडलं होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला आणखी राग येतो. त्या तिरमिरीत मी पुण्याला फोन लावला. साहेब म्हणाले, ये, सोमवारपासून बस. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेलगावची काळीपिवळी दारासमोर थांबली आणि एक बाई उतरल्या. हातात पिशवी, पिशवीत नारळ, लिंबू, काळा कपडा, सगळी तयारी. सुभद्राबाई त्यांचं नाव, तेलगावच्या बाजारात भाजी विकतात. शेजारणीनं जाहिरात वाचून दाखवली होती.

"ताई, माज्या पोराला कुनीतरी केलंय," त्या बसायच्या आतच म्हणाल्या.

मी सांगणार होते की दुकान बंद झालंय. पण त्यांनी पदराची गाठ सोडली नि पुन्हा बांधली, पुन्हा सोडली, आणि मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांचा अभिमन्यू चाकणला कंपनीत कामाला. दर रविवारी फोन करणारा पोरगा, पण पोळ्यापासून फोनच बंद. आणि उलट यांच्या फोनवर कोण कुठले बाप्ये फोन करून घाणघाण बोलतात.

"त्यांना माजं नाव ठाव हाय, ताई. माज्या भावाचं नाव ठाव हाय. अभ्यानं कवातरी ज्या दुकानदाराला फोन केलता, त्यालाबी यांचा फोन गेलता. आता मला सांगा, आमाला कदी बघितलं न्हाई त्यांना आमची नावं कशी कळली? करनीच हाय ही."

"मावशी, ते हिंदीत बोलत्यात का? 'पोराला समजव' आसं काय काय म्हणत्यात?"

सुभद्राबाईंनी हात जोडले. "तुला दिसतंय समदं!"

"दिसत न्हाई हो, मावशी! त्यानं मोबाईलवरच्या ॲपातनं कर्ज काढलंय. त्या ॲपानं त्याच्या फोनातली सगळी नावं उचललीत. ही करणी न्हाई, वसुली हाय."

"कर्ज काढलं आसतं तर घरात पैका दिसला आसता," त्या ठामपणे म्हणाल्या. "तू आपला तोडगा कर. हा त्याचा दुसरा नंबर, त्याच्या दोस्तानं दिलाय. ह्या नंबरावर मंतर मार."

मी फॉर्म उघडला. नाव, गाव, नंबर, नोकरी, सगळं खरं. मला हवा होता तसाच माणूस, पगारदार, तरणा, ॲपात बुडालेला. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. कर्जदारानं स्वतः हो म्हटलंय का, या रकान्यात टिक केली तर विचारायला कोण येणार होतं? आणि असे अजून चार-दोन भरले तर सोमवारचं पुणं टळलं असतं. माझं बोट तिथंवर गेलं. समोर सुभद्राबाई पदराची गाठ बांधत होत्या. मी फॉर्म बंद केला, आणि मला त्या धनश्रीबाईंचा, त्यांच्या अटीचा आणि स्वतःचा इतका राग आला की कान तापले.

"मावशी, त्याला स्वतः बोलावं लागंल. त्याच्याबिगर माज्या हातात काय न्हाई."

"त्यो फोन उचलंना, म्हणून तर तुज्याकडं आलते!"

तेव्हा ओट्यावरून आप्पांचा आवाज आला. माझ्याशी नाही, सुभद्राबाईंशी.

"बाई, मी जलमभर लाईनमन हुतो. लाईट गेली की लोक हाफिसात येऊन वरडायचे. पर हाफिसात बसून तार कुठं तुटली ते कळत न्हाई. लाईनीच्या खालून चालत जावं लागतं, एकेक खांब बगत. तुमचं पोरगं चाकणला हाय न्हवं? मग चाकणला जावा."

"मी एकली कशी जाऊ, भाऊ? मी बीडच्या पल्याड गेले न्हाई कदी."

आप्पांनी पेपरची घडी घातली. "आमची पोरगी चाललीच हाय पुण्याला," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याकडं बघितलं. "हिच्या संगं जावा."

रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. माझ्या मांडीवर पुण्यात राहायला चाललेली बॅग, त्यांच्या मांडीवर धपाट्यांचं गाठोडं. खिडकीची जागा मी त्यांना दिली.

"तुजा तोडगा नेमका काय आसतो?" बीड मागं पडल्यावर त्यांनी विचारलं.

"काय न्हाई, मावशी. दोन्हीकडच्यांनी बसायचं, बोलायचं, जमंल तसं मिटवायचं."

"म्हंजी भावकीची बैठक."

"तसंच."

"मग तसं सांगायचं की! दोरा कावून दाखवला?"

मी बाहेर बघितलं. कुठल्यातरी शेतात कापूस फुटला होता. बाई खरं बोलत होत्या आणि उरलेल्या सगळ्या वाटेत मला तेच ऐकू येत राहिलं.

चाकणची ती चाळ शोधेपर्यंत ऊन उतरलं. जिन्यात चपलांचा ढीग, पत्र्याचा दरवाजा. मी कडी वाजवली. आत काहीतरी हललं आणि थांबलं. पुन्हा वाजवली. काहीच नाही. मग सुभद्राबाईंनी मला बाजूला केलं आणि दाराला तोंड लावून म्हणाल्या, "अभ्या, मी हाय."

दार उघडलं. दाढी वाढलेला, गालफडं बसलेला एक पोरगा उभा होता. आईला बघून तो आधी घाबरला, मग त्यानं तिच्या मागं कोण आहे ते बघितलं, मग पुन्हा तिच्याकडं बघितलं.

"तू कशी आलीस?"

"यष्टीनं," सुभद्राबाई म्हणाल्या. "फोन कावून बंद ठिवलास रं, येड्या?"

तो खाली बसला आणि हमसून रडायला लागला. कंपनीनं मधे काही दिवस कामगारांना घरी बसवलं होतं, तेव्हा एका ॲपातून घेतले. ते भरायला दुसऱ्यातून, दुसरं भरायला कार्डातून. मग एका कंपनीचा फोन आला की आम्ही सोडवतो. हप्ते थांबवा, आम्हाला फी भरा आणि फोन बंद ठेवा. त्यानं तसंच केलं होतं. त्यानंतर त्या कंपनीचाही फोन लागेना.

"कोणती कंपनी?" मी विचारलं.

त्यानं नाव सांगितलं. माझ्या यादीतली सगळ्यात वरच्या दराची. गोड गळ्याच्या माणसाची. म्हणजे माझ्यासारख्याच कोणीतरी कुठंतरी बसून जाहिरात केली होती, या पोराचा नंबर तिकडं पोचवला होता आणि सगळ्यात वरचा दर घेतला होता. त्याला हा पत्र्याचा दरवाजा कधी दिसला नसेल. मला तिथं उभं राहून आप्पांच्या अडतीचा प्रश्न आठवला.

तोवर सुभद्राबाईंनी पिशवीतून लिंबू काढलं होतं. मी बाजूला सरले. त्यांनी ते पोराच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरवलं, बोटं मोडली. एवढा कारखान्यात यंत्र चालवणारा पोरगा, मान खाली घालून निमूट उभा राहिला. त्याला लिंबावर विश्वास नव्हता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण किती दिवसांत त्याच्या इतक्या जवळ कोणी उभं राहिलं नव्हतं. मग धपाटी निघाली. तो खाताना त्याची आई त्याच्याकडं बघत होती आणि मी चटणीकडं.

खाणं झाल्यावर मी माझं काम सांगितलं. संभाजीनगरच्या धनश्रीबाई कोण, काय करतात, काय करू शकत नाहीत, तुझं नाव दिलं तर मला पैसे मिळतात, तेही सांगितलं. "तुजा हो आसंल तरच. न्हाई म्हणालास तरी मी काय रागावत न्हाई," मी म्हणाले. हे पूर्ण खरं नव्हतं, पण रागावले असते तर दुसऱ्यांवर.

तो माझ्याकडं निरखून बघत होता. "काळा दोरा ना? ती तुमची जाहिरात?"

"तू बघितलीस?"

"लई येळा आली माज्यापुढं. मला वाटलं बुवाबाजी हाय. ढकलून दिली पुढं."

मी जिन्यात येऊन बसले. ज्यांच्यासाठी जाहिरात लिहिली, त्यांनी ती बुवाबाजी समजून पुढं ढकलली. आणि ज्यांच्यासाठी नव्हती, त्या आया ती वाचून धावत आल्या. त्या सगळ्या अमावस्या, नारळ, अंगारा विचारणाऱ्या बाया. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं की तोडगा कशासाठी हवाय. मी फक्त चिडत होते. मी फोन काढला आणि पहिल्या दिवशीच्या त्या बाईंना लावला, पुनवेला येते म्हणालेल्या.

"मावशी, पौर्णिमा बोलतीय दिंद्रुडहून. एकच इचारते. तुमच्या घरातल्या कुणाचा फोन बंद हाय का?"

तिकडून अगदी बारीक आवाजात, "तुमाला कसं कळलं, ताई?"

दुसरीला लावला. तिच्या जावयाचा बंद होता. नारळवालीच्या धाकट्याचा. अंगारा मागणाऱ्या बाईंचा मुलगा फोन उचलायचा, पण फक्त मिस्ड कॉल दोनदा दिला तर. त्या जिन्यात बसून मी एकामागून एक फोन लावत होते, प्रत्येकीला सांगत होते की ही बाधा न्हाई, हप्ता हाय, पोराला एवढाच निरोप द्या की घरी सगळं कळलंय आन् कुणी रागावलं न्हाई, मग त्याला वाटलं तर त्यानं स्वतः मला फोन करावा. आत अभिमन्यूनं धनश्रीबाईंना फोन लावला होता. त्याचा आवाज आधी चाचरत होता, मग सरळ झाला. सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला, कुठपर्यंत आलीस? मी म्हणाले, साहेब, चाकणपर्यंत आले होते, आता परत निघालेय.

चमत्कार वगैरे झाला नाही. अभिमन्यूचं कर्ज आहे तिथंच आहे, फक्त त्याचा हप्ता आता त्याच्या पगारात बसतो आणि तो फिटायला वेळ लागणार आहे. आईला शिव्या देणाऱ्यांची तक्रार धनश्रीबाईंनी त्याच्याकडून करवून घेतली, ते फोन थांबले. आणि त्याचा फोन सुरू आहे. रविवारी तेलगावला घंटी वाजते. जिन्यातून लावलेल्या फोनांमधले सगळे नाही, पण बरेच पोरगे स्वतःहून बोलले. धनश्रीबाईंच्या अटीपुरते तर होतेच, वर आणखी होते.

नव्या जाहिरातीत चित्र नाही, नुसता आवाज आहे. आप्पांचा. तयार करायला मला त्यांच्या फार विनवण्या कराव्या लागल्या. खांबावरून खालच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला तो खणखणीत आवाज म्हणतो, "लेकराचा फोन बंद हाय? अनोळखी माणसं तुमाला फोन करून शिव्या द्यायलीत? ही करनी न्हाई, हप्ता हाय. ह्याच्यावर लिंबू चालत न्हाई. बोलून तोडगा निगतो." 'तोडगा' शब्द मी काढणार होते. आप्पाच म्हणाले, ऱ्हाऊ दे. लोक ज्या नावानं दार वाजवत्यात त्या नावाची पाटी काढू ने.

धम्मचक्र दिनाला आप्पा पांढरे कपडे घालून विहारातून परत आले तेव्हा ओट्यावर सुभद्राबाई आणि अभिमन्यू बसले होते. दाढी केलेला अभिमन्यू मी आधी ओळखलाच नाही. त्यांनी आपट्याची पानं आणली होती आणि पिशवीभर लिंबं. आप्पांच्या कपाळावर आठी चढताना बघून सुभद्राबाई घाईघाईनं म्हणाल्या, "भाऊ, ही उतरायची न्हाईत. पिळायची हायत."

आप्पा हसले. आईनं पातेलं काढलं, मी लिंबं चिरायला बसले. आजच्या मुदतीचा विषय कोणी काढलाच नाही. सकाळी धनश्रीबाईंनी कळवलं होतं की बीड जिल्ह्याचं सगळं काम तुमच्याकडंच देते, आणि ते मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले होते, बघ, पुण्याला न्हेलेली बॅग रिकामी कर, माळ्यावर टाकायचीय. एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे भरलेले डोळे मला दिसलेच.

तेवढ्यात फोन वाजला. माझे दोन्ही हात लिंबाच्या रसात. आप्पांनी धोतराला हात पुसले आणि फोन उचलला. ऐकत राहिले. तिकडं कोणी बाई होती, घाबरलेली, तिचा आवाज माझ्यापर्यंत येत होता, शब्द नाही.

"हां, तोडग्याचंच घर," आप्पा म्हणाले. "न्हाई बाई, अमुशा लागत न्हाई. नारळबी नगं. पोराचा फोन बंद हाय न्हवं? मग बरुबर जागी फोन केला तुमी. आदी रडायचं थांबा. बसा निवांत. आन् मला सांगा, पोराचं नाव काय?"